स्प्लिंटच्या पावतीवर नसलेल्या ओळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यावर आलेला लेख वाचला. विषय निवडलात हे बरं केलं. हे दुखणं घरोघरी आहे, फक्त त्याला काय म्हणतात ते कुणाला ठाऊक नसतं. लेखाचा शेवट मात्र खटकला. दंतवैद्याकडून स्प्लिंट (दातांवर चढवायचं, काढता-घालता येणारं प्लास्टिकचं आवरण) बसवून घेतला की त्रास दूर होतो, असं त्यात सरळ म्हणून टाकलंय. त्याच पानाच्या तळाशी एका दवाखान्याची जाहिरात होती आणि तिच्यात तर 'जबड्याचा कटकट आवाज कायमचा बंद' असं ठळक अक्षरांत होतं. मी स्वतः असा स्प्लिंट दोनेक वर्षं वापरते आहे. त्याचा मला उपयोग झाला, तेव्हा त्याच्या विरोधात लिहायचा प्रश्नच नाही. पण तो बसवणं आणि त्रास कमी होणं यांच्यामध्ये बरंच काम असतं. त्याबद्दल कुणी बोलत नाही आणि ते दवाखान्याच्या पावतीवरही येत नाही. पावतीचं नाव मुद्दाम काढलं. मी सोलापुरात चादरी-टॉवेलच्या एका पेढीत हिशेब सांभाळते. कुठलीही पावती हातात आली की तिच्यावर काय लिहायचं राहिलंय तिकडे माझी नजर आधी जाते.

आमच्या धंद्यात दात आवळायला निमित्त शोधावं लागत नाही. अकरा तारखेला जीएसटीचं एक विवरण, वीस तारखेला दुसरं, मार्चअखेर ताळेबंद. त्यात एखाद्या गिऱ्हाइकाचा फोन आला की तो कान आणि खांद्यात दाबून धरायचा आणि दोन्ही हात की-बोर्डवर. अशाच एका मार्चमध्ये माझा डावा कान दुखायला लागला. पंख्याचा वारा लागला असेल म्हणून सोडून दिलं. मग सकाळी उठल्यावर कानशिलं जड वाटू लागली. घास चावताना कानाच्या पुढे 'कट्' असा आवाज यायचा, आणि एकदा जांभई देताना जबडा चक्क मध्येच अडकला. गाल चोळत चोळत, खालचा जबडा डावीउजवीकडे हळूहळू हलवत तो सोडवावा लागला. यजमान म्हणाले, "रात्री तू दात खातेस, त्या करकरीनं मला जाग येते." सासूबाईंनी तिथल्या तिथे निदान केलं: जंत. त्यांच्या समाधानासाठी जंताचं औषधही घेतलं. जंत असतील तर गेले असतील, दात खाणं काही गेलं नाही.

कानाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि कान एकदम स्वच्छ असल्याचं सांगितलं. घरच्या डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या दिल्या. गोळी असेपर्यंत बरं वाटायचं. एकांनी अर्धशिशी म्हटलं, एकांना मानेचा एक्स-रे हवा होता. यातलं कुणीच मुद्दाम चुकीचं सांगत नव्हतं. हा सांधा बसलाय कानाच्या अगदी पुढ्यात, त्याच्या दुखण्याची कळ कानात, कानशिलात, मानेत कुठेही जाते आणि पेशंट बिचारा जिथे दुखतं तिथल्या डॉक्टरकडे जातो. हा घोळ जुना आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी १९३४ साली ११ पेशंटांचा अनुभव छापला होता. कानाची तक्रार घेऊन आलेल्या या लोकांचं मूळ जबड्यात आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मागच्या दाढा पडल्याने सांध्यावर दाब येतो हे त्यांनी दिलेलं कारण पुढे टिकलं नाही, पण त्या दुखण्याला कितीतरी वर्षं त्यांचंच नाव होतं. तोंड-चेहऱ्याच्या वेदना ही दंतवैद्यकाची वेगळी शाखा म्हणून अमेरिकेत मान्य झाली तीसुद्धा २०२० साली. आपल्याकडे दंतवैद्यकाच्या एमडीएस या पदव्युत्तर पदवीच्या नऊ शाखांत ती अजून नाही. मग पेशंटनं कुठलं दार ठोठवायचं?

माझ्यापुरतं दार घरातच सापडलं. माझी भाची छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात शिकलेली. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी आमच्याकडे आली होती. तिळाची कडक वडी मी तोंडात घोळवत बसलेय, चावत नाहीये, हे तिनं पाहिलं.

"मावशी, तीन बोटं एकावर एक उभी धर आणि समोरच्या दातांत घाल बघू."

दोनच गेली. तिसरं शिरेना. मोठ्या माणसाचं तोंड साधारण चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून थोडं जास्त उघडावं, म्हणजे स्वतःचीच तीन बोटं मावावीत, असा दंतवैद्यांचा ठोकताळा. मग तिनं माझी बोटं माझ्याच कानांपुढे ठेवायला लावली आणि तोंड सावकाश उघडायला सांगितलं. खालच्या जबड्याचं हाड नुसतं बिजागरीसारखं फिरत नाही, ते पुढे घसरतं, हे तेव्हा बोटांना कळलं. उजवीकडचं गुळगुळीत घसरत होतं. डावीकडचं अडायचं आणि मग एकदम उडी मारायचं. त्या उडीचाच 'कट्'. सांध्यात दोन हाडांच्या मध्ये एक लहानशी चकती असते. ती पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना हाड तिच्यावर चढतं आणि चढताना आवाज येतो. दुखत नसेल, अडकत नसेल, तर नुसत्या आवाजासाठी काहीच करायचं नसतं, हे तिनं दोनदा बजावलं. असा आवाज कितीतरी धडधाकट लोकांच्या जबड्यातून येतो. म्हणून ती 'आवाज कायमचा बंद'ची जाहिरात पाहून मी चिडले. ज्याचा उपचारच करायचा नाही त्याचे पैसे कसले घेता?

शेवटी तिनं माझ्या गालावर, जबड्याच्या कोपऱ्याच्या वर बोट दाबलं. मी कळवळले. "हा स्नायू रात्रभर ओव्हरटाइम करतोय," ती म्हणाली. "सांध्यापेक्षा हाच जास्त दुखतोय."

स्प्लिंटची गोष्ट इथून सुरू होते. पहिला बनवला तो खरं तर नाइट गार्डच होता, मऊ. घराजवळच्या दवाखान्यात दातांचं माप घेतलं, प्लास्टरचा साचा केला, त्यावर प्लास्टिकचा तापवलेला पत्रा हवेच्या दाबानं ओढून बसवला, कडा कापल्या, झालं. दोन हजारांच्या आत काम आटोपलं. दात झिजण्यापासून वाचवायला तो ठीक असतो. पण माझ्या तोंडात ते मऊ मऊ काहीतरी आल्यावर जबड्याला चघळायला आयतंच मिळालं. सगळ्यांचं असं होत नाही, काहींचं होतं. थोड्याच दिवसांत दाढांच्या जागी त्याला भोकं पडली आणि सकाळचं दुखणं होतं तसंच राहिलं.

मग एका मोठ्या, चकचकीत दवाखान्यात गेले. तिथे टॅबवर माझ्याच जबड्याचं रंगीत चित्र दाखवलं आणि सांगितलं की तुमचा चावाच, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवणच, चुकलेली आहे. आधी स्प्लिंट, मग त्या स्प्लिंटप्रमाणे सगळ्या दाढांना टोप्या (कॅप), म्हणजे जबडा 'योग्य जागी' कायमचा बसेल. आकडा लाखांत होता, वर हप्त्यांची सोय. मी कोटेशन लिहून मागितलं. ते मिळालं, त्यात दातांची संख्या होती, दर होता, सवलत होती. टोप्या बसवूनही दुखणं राहिलं तर काय, याची ओळ नव्हती. विचारलं तर "तसं सहसा होत नाही" म्हणाले. मी उठले.

हे जरा सविस्तर लिहिते, कारण पैशांपेक्षा मोठी गोष्ट यात आहे. टोपीसाठी दात घासून बारीक करावा लागतो आणि घासलेला दात पुन्हा वाढत नाही. सांध्याच्या दुखण्यासाठी दात, चावा किंवा सांधा कायमचा बदलणारे उपचार टाळा, असं अमेरिकेच्या सरकारी दंत संशोधन संस्थेनं लोकांसाठीच्या माहितीत स्पष्ट सांगितलंय. तिकडच्यांनी हात पोळून घेतलेत. १९८०च्या दशकात तिथे या सांध्यातली चकती काढून टेफ्लॉनचं रोपण बसवत. ते आत झिजायचं, त्याच्या कणांनी आजूबाजूचं हाड खाल्लं जायचं. शेवटी बसवलेली रोपणं परत काढायची वेळ आली. आणि दुखणं असं आहे की बहुतेकांचं साध्या उपायांनी, वेळ दिला की, कमी होतं. स्प्लिंटची मोठी जमेची बाजू हीच, की नाही पटला तर काढून डबीत ठेवता येतो. ही सोय हातची घालवून बसू नये.

कडक स्प्लिंट कुठे करून घ्यायचा यावर घरात चर्चा झाली. नातेवाईक म्हणाले पुण्याला जा, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं गेलीस की रात्री परत. पण भाचीनं विचारलं, "पुढच्या फेऱ्यांना कोण जाणार?" म्हणून सोलापुरातच, दातांच्या कवळ्या-टोप्यांचं शिक्षण घेतलेल्या एका अनुभवी मॅडमकडे गेले. हा निर्णय सगळ्यात बरोबर ठरला. का, ते आता सांगते.

मॅडमनी आधी पट्टीनं तोंड मोजलं: एकतीस मिलिमीटर. तो आकडा कागदावर लिहिला. दाताची झीज पाहिली, गालाच्या आत चावल्याची पांढरी रेघ दाखवली. घोरता का, दिवसा पेंग येते का, हेही विचारलं. झोपेत श्वास अडत असेल तर तोंडात काही बसवण्याआधी त्याची तपासणी व्हायला हवी म्हणे. मग माप. रबरी वाटीत पिवळसर पूड पाण्यात कालवली, ट्रेमध्ये भरली आणि वरच्या दातांवर दाबली. पुदिन्याचा वास येतो, पण टाळूवर तो गोळा सरकला की उमासे येतात. नाकानं श्वास घ्या आणि पायाचा अंगठा हलवत राहा, असं मॅडम म्हणाल्या. हसू आलं, पण उमासे थांबले. खालचंही माप झालं. मेणाच्या पट्टीवर हलकेच चावायला लावून दोन्ही जबड्यांचं नातं टिपून घेतलं. साचे लॅबमध्ये गेले आणि काही दिवसांनी पारदर्शक, काचेसारखा दिसणारा अॅक्रिलिकचा स्प्लिंट आला. वरच्या सगळ्या दातांवर बसणारा, खालून सपाट.

मला वाटलं, झालं. मॅडमच्या दृष्टीनं काम आत्ता कुठे सुरू झालं होतं.

स्प्लिंट तोंडात बसवून त्यांनी दातांमध्ये निळ्या कागदाची बारीक पट्टी धरली. "चावा. पुन्हा चावा." काढून पाहिलं तर डावीकडे मागच्या दाढेजवळ एकच गडद ठिपका, उजवीकडे जवळजवळ कोरं. म्हणजे माझा सगळा भार त्या एका जागेवर. त्यांनी मशीननं तिथे किंचित घासलं. पुन्हा कागद, पुन्हा चावा. ठिपका फिका झाला, पुढे दुसरा उमटला. पुन्हा घासलं. खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास, माझ्या गळ्यातल्या टॉवेलवर पांढरी भुकटी. बऱ्याच वेळानं दोन्ही बाजूंना एकसारखे, हलके ठिपके आले, जणू ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या. मग लाल कागद घेतला. आता चावायचं नाही, जबडा डावीकडे सरकवायचा, मग उजवीकडे. बाजूला सरकताना फक्त सुळ्यानं टेकावं आणि दाढा सुटाव्यात, असं त्यांना हवं होतं. दाढा आवळता आल्या नाहीत की स्नायूलाही तेवढा जोर लावता येत नाही, असा त्यामागचा हिशेब.

मग म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात या. आज जुळलाय तो तेव्हा जुळलेला नसेल." आणि खरंच नव्हता. रात्रभर आवळलेले स्नायू थोडे सैल पडले की जबडा आपली जागा किंचित बदलतो आणि कालचे सारखे ठिपके आज एका बाजूला जातात. मग पुन्हा निळा कागद. सुरुवातीला अशा फेऱ्या लागोपाठ माराव्या लागल्या, मग लांब लांब पडत गेल्या. या फेऱ्यांशिवाय तो स्प्लिंट म्हणजे दातांवर चढवलेला प्लास्टिकचा तुकडा. नीट न जुळवलेल्या स्प्लिंटनं दुखणं वाढूही शकतं. कुरियरनं माप मागवून घरपोच नाइट गार्ड पाठवणाऱ्या जाहिराती मोबाइलवर दिसतात. त्यात हा निळा कागद कोण धरणार, ते मला कळत नाही.

आता पावती. मॅडमच्या दवाखान्याची पावती मी जपून ठेवली आहे. तिच्यावर एकच ओळ: 'ऑक्लुजल स्प्लिंट, १ नग' आणि पुढे रक्कम, मऊ गार्डच्या चौपटीच्या आसपास. नग! आम्ही टॉवेलला लिहितो तसं. इतकं नेटकं काम करणाऱ्या बाईंची ही पावती, मग इतरांचं काय सांगावं. कडक की मऊ, वरचा की खालचा, सगळ्या दातांवर की फक्त पुढच्या चार-सहा दातांवर, यातलं काही नाही. आणि हे फरक किरकोळ नाहीत. फक्त पुढच्या दातांवर बसणारे छोटे स्प्लिंटही मिळतात. ते देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने वापरले तर मागचे दात सरकून चावा बिघडायची भीती असते. जुळवणीच्या किती भेटी या रकमेत धरल्यात, चिरला तर दुरुस्ती कुणाच्या खर्चानं, सुरुवातीला तोंड किती उघडत होतं, हेही पावतीवर नाही. आरोग्य विमा दातांचे असे उपचार सहसा धरत नाही, म्हणजे रक्कम पेशंटच्याच खिशातून जाते. ती कशासाठी गेली हे कळायचा हक्क त्याला नको? मी विचारल्यावर मॅडमनी फाइलवर सगळं हातानं लिहून दिलं, जरा ओशाळून. "तुम्ही पहिल्याच विचारणाऱ्या," म्हणाल्या.

फायदा काय झाला तेही मोकळेपणानं सांगते. पहिले काही दिवस लाळ गळायची, बोलताना 'स' घसरायचा. फक्त रात्री घालायचा असल्यानं ते यजमानांपुरतंच राहिलं. सासूबाई त्याला अजून 'तुझी कवळी' म्हणतात. सकाळी काढल्यावर पाच-दहा मिनिटं दात नेहमीसारखे बसत नाहीत, ते चालतं. दिवसभर तसंच राहिलं तर मात्र दाखवायला जायचं. धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश. गरम पाण्यानं तो वाकतो, टूथपेस्टनं ओरखडे पडतात. हळूहळू सकाळचं जडपण कमी झालं, दातांची नवी झीज थांबली. मॅडमच्या शेवटच्या मोजणीत तोंड एकोणचाळीस मिलिमीटर उघडत होतं. डावीकडचा 'कट्' अजून आहे. तो जाईल असं मॅडमनी कधीच म्हटलं नव्हतं आणि तो गेलाही नाही.

पण हे सगळं श्रेय मी स्प्लिंटच्या खात्यावर टाकत नाही, कारण त्याच काळात मी आणखीही गोष्टी करत होते. डिसेंबर २०२३मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलनं या सांध्याच्या जुनाट दुखण्यावर मार्गदर्शक सूचना छापल्या. भाचीनं त्या मला समजावून सांगितल्या. जोरदार शिफारस आहे ती जबड्याचे शिकवलेले व्यायाम, फिजिओथेरपिस्टच्या हातचे उपचार, दुखण्याविषयीची समज आणि धीर, विचार-सवयी बदलणारं मानसोपचारातलं समुपदेशन यांची. काढता येणाऱ्या स्प्लिंटबाबत त्यांचा कल नकाराकडे आहे, पण तो सौम्य नकार आहे. कायमचे बदल करणाऱ्या स्प्लिंटला मात्र ठाम नकार. हे ऐकून मी मॅडमना जाब विचारल्यासारखं विचारलं. त्या अजिबात चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ते दुखण्याबद्दल आहे. तुमचे दात झिजत होते, ते वाचवायला काहीतरी हवंच होतं. आणि व्यायाम न करता नुसता स्प्लिंट घालणाऱ्यांना मीही परत पाठवते. मला हे पटलं. आपल्या लेखात मात्र व्यायामाचा एक शब्द नव्हता.

व्यायामही साधेच. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला लावायचं आणि ते न सुटू देता तोंड सावकाश उघडायचं, आरशात पाहून, जबडा एका बाजूला जाऊ न देता. गालांना ओल्या कापडाचा शेक. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. फोन खांद्यात धरणं बंद. पेढीनं हेडफोन घेऊन दिला, तो मी खर्चाच्या व्हाउचरवर घातलाय. खाण्याचे हाल थोडे झाले. सोलापूरच्या माणसानं कडक भाकरी सोडायची म्हणजे काय ते सोलापूरकरालाच कळेल. आता ती आमटीत चुरून, पुरती भिजवून खाते. थंडीत हुरड्याला बोलावलं तर जाते, गप्पा मारते, गूळ खाते.

आणि सगळ्यात उपयोगी पडली ती टिकली. दिवसा कामात आपण दात आवळतोय हे आपल्याला कळतच नाही. खरं म्हणजे ओठ मिटलेले असले तरी आत वरचे-खालचे दात सुटे असायला हवेत. ते टेकायचे फक्त चावताना आणि गिळताना. भाचीनं माझ्या कपाटातलं टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि कॉम्प्युटरच्या कोपऱ्यावर एक, कॅल्क्युलेटरवर एक, फोनच्या मागे एक अशा लाल टिकल्या लावून टाकल्या. टिकली दिसली की दात सोडायचे, खांदे खाली टाकायचे. पेढीतल्या मुलांनी सुरुवातीला चेष्टा केली. आता त्यातल्या दोघांच्या स्क्रीनवर टिकल्या आहेत. यंदाचा मार्च मला त्यामुळे बराच सोपा गेला. स्प्लिंटला खर्च आला, टिकलीला काहीच नाही, आणि दिवसाचे आठ-दहा तास राखण करते ती टिकलीच.

एक गोष्ट फार महत्त्वाची आणि ती आपल्या लेखात यायला हवी होती. माझं ऐकून आमच्या गोदामातला एक तरुण म्हणाला, "ताई, माझं बी तोंड उघडत न्हाई, मलाबी ती कवळी मिळंल का?" तीन बोटांची परीक्षा करायला लावली. दीड बोट जेमतेम शिरलं. विचारलं तर तिखट लागलं की तोंडाची आग होते म्हणाला. टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर गालाची आतली बाजू पांढुरकी, निबर. हा दिवसभर सुपारी-तंबाखूचा मावा खाणारा. त्याचा सांधा ठीक होता. सुपारीनं गालाच्या आतलं अस्तरच आखडलं होतं. या आजाराचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होऊ शकतं. त्याला स्प्लिंट म्हणजे पैशांचा चुराडा आणि त्याहून वाईट म्हणजे वेळेचा. त्याला दंत महाविद्यालयात पाठवलं, उपचार चालू आहेत. राज्यात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे. सोलापूरच्या टपरीवर काय मिळतं आणि विदर्भात खर्रा कसा घोटला जातो ते मी नव्यानं सांगायला नको. तेव्हा तोंड उघडत नाही असं म्हणणारा माणूस आला की आधी सुपारीबद्दल विचारा, हे वाचकांना ठळक अक्षरांत सांगा. आणि चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखत असेल, थांबल्यावर राहत असेल, तर दंतवैद्याकडे नको, थेट हृदयाच्या डॉक्टरकडे जा, हेही सांगा.

आता मागणं. शहरातल्या दंतवैद्यांच्या संघटनेला माझी विनंती आहे की स्प्लिंटची पावती 'एक नग' म्हणून फाडू नका. कोणत्या प्रकारचा, कशासाठी (दुखण्यासाठी की झिजेसाठी), सुरुवातीची तोंड उघडण्याची मोजणी, रकमेत धरलेल्या जुळवणीच्या भेटी आणि फरक पडला नाही तर पुढे काय, एवढं अर्ध्या पानावर मावतं. ज्यांना खासगी खर्च झेपत नाही त्यांनी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांचा विचार जरूर करावा. तिथे रांग लांब असते, पण तपासणारे हात शिकवणारे असतात आणि खर्च बराच कमी येतो. कुणी लाखांचं कोटेशन दिलं तर दात घासू देण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. सांध्याच्या या दुखण्यात टोप्यांची घाई नसते.

आणि आपल्या वृत्तपत्राकडे: जाहिरात छापणं हा तुमचा व्यवसाय आहे, त्यावर पेढीवरची बाई काय बोलणार. पण आरोग्याच्या लेखाखालीच 'कायमचा बंद' छापलं की वाचक दोन्ही एकत्र वाचतो आणि लेखाची पत जाहिरातीला मिळते. निदान ती दोन्ही वेगवेगळ्या पानांवर ठेवा. जमलं तर जबड्याच्या व्यायामांवर एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून चित्रांसह पान लिहून घ्या. ते कात्रण करून ठेवण्यासारखं होईल.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कात्री लावायचीच झाली तर आमच्या पेढीचं पुराण कापा, माव्याचा परिच्छेद ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वाचक, सोलापूर
(नाव-पत्ता सोबत जोडला आहे, प्रसिद्ध करू नये ही विनंती.)